पिकअपच्या डिफरन्शियलचे ढिले नट-बोल्ट: तपासायचे कसे आणि आवळायचे किती?

माळशेजवाट (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे मागच्या चाकांना ओढ देणारी आणि मागचा अखंड ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेली पिकअप आहे. जुन्नर तालुक्यातून टोमॅटो किंवा कांदा भरून माळशेज घाटाने कल्याणकडे उतरायचे, तिथून वाशीच्या बाजारात माल टाकायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचे, असा तिचा वर्षभराचा क्रम असतो. परवा ग्रीसिंगसाठी गाडी रॅम्पवर घेतली, तेव्हा डिफरन्शियलच्या (इंजिनाची ओढ मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या) पुढच्या बाजूचा गोल जोड, म्हणजे जिथे क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीला धरणारा कॅरियर ॲक्सलच्या हाउसिंगला नटांनी धरलेला असतो तो जोड, खालच्या अर्ध्या भागात तेलाने ओला झालेला दिसला. रिंग पाना लावून पाहिले असता खालचे दोन नट फारसा जोर न लावता फिरले. त्याशिवाय पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना मागून एक बोजड ठोकाही अलीकडे जाणवू लागला आहे.

रॅम्पवरील कारागिराचे म्हणणे असे की सगळे नट दाबून आवळावेत, पिनियनच्या मोठ्या नटालाही गनने (ठोके देत आवळणाऱ्या यंत्राने) एकदा ओढ द्यावी, म्हणजे गळती आणि ठोका दोन्ही थांबतील. मी तूर्त त्यांना थांबवले आहे. बाहेरचे नट घरी आवळता येतात का, ते किती आवळावेत, पिनियनच्या नटाला हात लावावा का आणि मुळात हे नट ढिले का झाले असावेत, या चार गोष्टींबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

टर्नरफिटर

कारागिराला थांबवलेत हे उत्तम केलेत. डिफरन्शियलवर दिसणारे सगळे नट-बोल्ट एका जातीचे नसतात, आणि एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो.

तुम्ही वर्णन केलेल्या रचनेत बाहेरून दिसणारे भाग असे असतात: कॅरियर हाउसिंगला धरणारे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) व नट, प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून मागे ओढ आणणाऱ्या दांड्याची) फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, पिनियनच्या फ्लँजला जोडणारे चार बोल्ट, त्या फ्लँजच्या मधोमध असलेला पिनियनचा मोठा नट, तेल भरण्याचा व काढण्याचा प्लग, आणि ॲक्सलला पाट्यांशी बांधून ठेवणारे यू बोल्ट. यांपैकी पिनियनचा नट सोडून बाकी सगळे आपण स्वतः तपासू शकतो. आत असलेले क्राऊनचे बोल्ट आणि बेअरिंगच्या कॅपचे बोल्ट कॅरियर बाहेर काढल्याशिवाय दिसत नाहीत, त्यामुळे त्यांचा विचार नंतर करू.

पाना हातात घेण्याआधी तो सगळा भाग धुऊन कोरडा करा. रॉकेल किंवा डिझेल आणि ताठ ब्रश पुरेसा आहे. जोडाच्या वर असलेला ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छोटे तोंड) आणि पुढे असलेले पिनियनचे सील या दोन्ही ठिकाणांहून आलेले तेल वाऱ्याने मागे पसरते आणि जोडच गळतो आहे असा भास होतो. भाग पूर्ण कोरडा झाल्यावर त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि गाडी तासभर चालवून आणा. तेल जिथून निघते तिथे पावडरीवर ओली रेघ उमटते आणि तिचे वरचे टोक हेच गळतीचे उगमस्थान असते.

ब्रीदर मात्र त्याआधीच काढून फुंकून पाहा. घाटात तेल तापते, आतली हवा फुगते आणि ब्रीदर चिखलाने बुजलेला असला तर तो दाब सीलमधून आणि जोडांमधून तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी नट कितीही आवळले तरी गळती चालूच राहते. शेतरस्त्यावर जाणाऱ्या गाड्यांमध्ये हे मी वारंवार पाहिले आहे.

नट खरोखर चालत होता की नाही हे त्याच्या आजूबाजूला पाहून कळते. ढिल्या नटाच्या वायसरभोवती तांबूस भुकटी साचलेली असते किंवा, तेल असेल तर, तीच भुकटी लालसर चिखलासारखी दिसते. नट काढल्यावर वायसरखाली धातूचे चकचकीत कडे दिसले तर तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत होते हे नक्की.

दुसरीखेप

एक सूचना सुरक्षिततेची. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच काम करतो. त्यामुळे मागची दोन्ही चाके जॅकने उचलली की हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो आणि गाडी पुढच्या चाकांवर गडगडू शकते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावल्याशिवाय जॅक लावू नका, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. ॲक्सलच्या नळीखाली घोड्या ठेवा. खरे तर कॅरियरचे नट तपासायला गाडी उचलण्याची गरजच नसते. सपाट जमिनीवर, चाके खाली टेकलेली असताना, पुठ्ठ्यावर पडून हात सहज पोचतो. गाडी किमान दोन तास उभी राहिलेली असू द्या, कारण तापलेल्या ॲक्सलचे तेल हाताला भाजते आणि आवळण्याची मूल्येही थंड अवस्थेसाठी दिलेली असतात.

टर्नरफिटर

आता किती आवळावे याबद्दल. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले मूल्य हाच पहिला आणि शेवटचा आधार. ते मिळेपर्यंत अंदाज यावा म्हणून सर्वसाधारण आकडे देतो. ८.८ ताकदीच्या, कोरड्या आणि स्वच्छ आट्यांच्या बोल्टसाठी एम ८ (८ मिलिमीटर व्यासाच्या) ला साधारण २५, एम १० ला साधारण ५० आणि एम १२ ला साधारण ८५ न्यूटन मीटर इतका टॉर्क (पिळण्याचा जोर) धरतात. १०.९ ताकदीच्या बोल्टला हाच आकडा जवळपास चाळीस टक्क्यांनी वाढतो. ताकदीचा हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो.

इथे एककांचा घोळ फार होतो. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असते, काही टॉर्क पान्यांवर (ठरवलेला टॉर्क आला की वाजणाऱ्या पान्यांवर) फूट-पाउंड असतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर, आणि १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन मीटर. मॅन्युअलमध्ये ५० फूट-पाउंड लिहिलेले असताना पाना ५० न्यूटन मीटरवर लावला, तर नट पाव हिश्श्याहून अधिक कमी आवळला जाईल आणि काही फेऱ्यांनी पुन्हा ढिला पडेल.

दुसरी अडचण तेलाची. आपण पान्याला जो जोर देतो त्यातला सुमारे नव्वद टक्के भाग नटाच्या तळाशी आणि आट्यांत होणाऱ्या घर्षणावर खर्च होतो. बोल्टला ताण देण्यासाठी जेमतेम दहा टक्के उरतो. आट्यांना तेल लागले की घर्षण घटते आणि त्याच टॉर्कला बोल्टवर कितीतरी जास्त ताण पडतो. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेले मूल्य तेलकट स्टडला जसेच्या तसे लावले तर स्टड ताणला जाण्याची किंवा हाउसिंगमधले आटे उपटले जाण्याची शक्यता असते. एक-एक नट काढून, आटे ब्रेक क्लीनरने स्वच्छ करून मगच आवळा. सगळे नट एकदम सोडू नका.

माळशेजवाट

मनःपूर्वक आभार. ब्रीदर काढून पाहिला, तो अर्धा बुजलेलाच होता. धुऊन आणि पावडर टाकून पाहिल्यावर मात्र तेलाची रेघ जोडातूनच निघते आहे हे स्पष्ट झाले, तेही खालच्या त्या दोन नटांच्या मधून. आता तपासण्याची नेमकी पद्धत कृपया सांगावी. बाकीचे नट हाताला घट्ट वाटतात. ते पुरेसे घट्ट आहेत की नाहीत हे ओळखायचे कसे?

टर्नरफिटर

हाताला घट्ट वाटणे हे प्रमाण मानता येत नाही. टॉर्क पाना मॅन्युअलच्या मूल्यावर लावा आणि आवळण्याच्या दिशेने सावकाश, झटका न देता ओढा. नट न हलता पाना ‘कट’ वाजला तर नट बहुधा ठीक आहे. वाजण्याआधी नट फिरला तर तो कमी आवळलेला होता; मूल्यापर्यंत आणून सोडा आणि त्याची नोंद ठेवा.

मात्र यात एक फसगत आहे. बराच काळ एका जागी बसलेला नट सुटायला जास्त जोर मागतो, त्यामुळे थोडा ढिला असूनही तो पान्याला घट्ट भासू शकतो. शंका असेल त्या नटावर आणि हाउसिंगवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा, नट पाव फेरा मागे सोडा आणि मूल्यापर्यंत पुन्हा आवळा. रेघ जुळली तर नट आधीपासूनच बरोबर होता. नट जुन्या खुणेच्या पुढे गेला तर तो ढिला होता, आणि किती ढिला होता हेही डोळ्यांना दिसते.

क्लिकच्या टॉर्क पान्याने नट सोडू नका, त्यासाठी साधा पाना वापरा. पान्याच्या मापपट्टीच्या तळच्या पाचव्या हिश्श्यात त्याचे माप भरवशाचे नसते, म्हणून २०० न्यूटन मीटरच्या पान्याने २५ चे काम करू नये. काम झाल्यावर पाना सर्वांत खालच्या मूल्यावर आणून ठेवावा.

आवळताना समोरासमोरचे नट घ्या आणि दोन टप्प्यांत आवळा: आधी सगळे निम्म्या मूल्यावर, मग पूर्ण मूल्यावर. शेवटी एक फेरी गोलाकार मारून प्रत्येक नट तपासा.

घाटमाथा

आमच्याकडे तर पिनियनचा नट सर्रास गननेच आवळतात आणि गाड्या चालतात. एवढे घाबरण्यासारखे त्यात काय आहे, हे खरोखर समजून घ्यायचे आहे.

मिशिगनवासी

घाटमाथा, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी इथे अमेरिकेत मिशिगनमध्ये अनेक वर्षे पिकअपच्या ॲक्सलवर काम करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पिनियन दोन निमुळत्या रोलर बेअरिंगवर फिरतो. या बेअरिंगना किंचित दाबून ठेवावे लागते, नाहीतर भाराखाली पिनियन पुढे-मागे सरकतो आणि क्राऊनच्या दातांशी त्याची गाठ बिघडते. अनेक ॲक्सलमध्ये हा दाब ठरवण्यासाठी दोन बेअरिंगच्या मध्ये पातळ पोलादाची एक चेपणारी बाही बसवतात. नट आवळला की ती बाही कायमची चेपते. सुरुवातीला तिला चेपायला प्रचंड जोर लागतो, बऱ्याचदा २०० न्यूटन मीटरहून अधिक. पण आपल्याला मोजायचा असतो तो नटाचा जोर नसून पिनियन हाताने फिरवायला लागणारा जोर, आणि तो नव्या बेअरिंगवर साधारणपणे अवघ्या दोन-तीन न्यूटन मीटरच्या घरात असतो. गनचा एक ठोका नटाला थोडा जरी पुढे नेतो, तरी बेअरिंगवरचा दाब कित्येक पटींनी वाढू शकतो. बाही एकदा जास्त चेपली की नट मागे सोडून ती पूर्ववत होत नाही. नवी बाही घालूनच काम पुन्हा करावे लागते. गनने आवळलेली गाडी चालते हे खरे, पण बेअरिंग तापून निळे पडेपर्यंतच चालते, आणि त्या वेळी मालक ते खराब तेलाच्या नावावर घालतो.

काही ॲक्सलमध्ये बाहीऐवजी न चेपणारा ठोकळा आणि शिम (पातळ चकत्या) असतात. तिथे नटाला ठरलेला टॉर्क द्यायचा असतो आणि दाब शिमने ठरतो. आपल्या ॲक्सलमध्ये कोणती रचना आहे हे मॅन्युअलवरून कळल्याशिवाय त्या नटाला हात लावू नये.

तपासणी मात्र अवश्य करावी. गाडी सपाट जागी, ओट लावून, न्यूट्रलमध्ये ठेवा, प्रोपेलर शाफ्ट सोडा आणि पिनियनची फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहा. या दोन्ही दिशांना जराही हालचाल जाणवता कामा नये. जाणवली तर बेअरिंग गेले आहे किंवा नट ढिला पडला आहे, आणि दोन्ही बाबतींत कॅरियर उघडावा लागतो. फ्लँज गोल फिरवताना थोडी मोकळीक लागणे मात्र स्वाभाविक आहे. क्राऊन-पिनियनच्या दातांत साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटर इतकी फट ठेवलेलीच असते. शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर मिळून एक खूण करा, म्हणजे तो होता त्याच स्थितीत परत बसेल आणि नवी थरथर सुरू होणार नाही.

जाता जाता: इथल्या बऱ्याच पिकअपच्या ॲक्सलमध्ये कॅरियर बाहेर निघत नाही, मागे फक्त पातळ पत्र्याचे झाकण असते आणि त्याचे बोल्ट बरेच हलके, ४० न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचे असतात. त्या बोल्टचे आकडे वाचून कोणी कॅरियरच्या नटांना लावू नयेत.

दुसरीखेप

ठोक्याबद्दल माझे मत असे की त्याचा संबंध कॅरियरच्या नटांशी नसावा. ते नट ढिले असले तर सहसा तेल गळते, ठोका येत नाही. क्लच सोडताना येणारा ठोका बहुतांशी प्रोपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसमधून (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातून), फ्लँजच्या ढिल्या बोल्टमधून किंवा ढिल्या यू बोल्टमुळे ॲक्सल पाट्यांवर वळल्याने येतो. यू बोल्ट आवर्जून पाहा. ते ढिले असले की पाट्यांच्या मधल्या बोल्टवर सगळा भार येतो आणि तो तुटला तर ॲक्सल जागेवरून सरकतो. सततचा घरघराट आणि तोही फक्त रेस दिल्यावर किंवा फक्त रेस सोडल्यावर येत असेल, तर मात्र तो क्राऊन-पिनियनचा विषय आहे.

घाटमाथा

मिशिगनवासी, समजावून सांगितल्याबद्दल आभारी आहे. आमच्या गॅरेजमध्ये हे वाचून दाखवणार आहे. आणखी एक विचारतो: कॅरियरच्या नटांखाली स्प्रिंग वायसर घातले तर ते पुन्हा ढिले होणार नाहीत ना?

टर्नरफिटर

स्प्रिंग वायसरवर आपल्याकडे फार विश्वास आहे, पण अशा जोडात तो सार्थ ठरत नाही. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगांनी दाखवून दिले की बोल्टला सर्वांत वेगाने ढिले करते ती जोडातल्या दोन भागांची आडवी सरक. नटाच्या तळाशी आणि आट्यांत जरा जरी घसरण झाली की नट आपोआप उलटा फिरू लागतो. ही सरक रोखणारी गोष्ट एकच, ती म्हणजे बोल्टमधला पुरेसा ताण. स्प्रिंग वायसर पूर्ण टॉर्कच्या खूप आधीच सपाट होतो आणि त्यानंतर तो साध्या वायसरपेक्षा अधिक काही करत नाही. नासाने १९९० साली काढलेल्या बोल्टविषयक पुस्तिकेतही तो नट रोखण्याच्या कामी निरुपयोगी असल्याचे म्हटले आहे.

उपयोग होतो तो थ्रेडलॉकचा, म्हणजे आट्यांना लावायच्या चिकट द्रवाचा, आणि तोही आटे पूर्ण तेलमुक्त असतील तरच, कारण हवा न मिळता धातूच्या सान्निध्यात तो घट्ट होतो आणि तेलाचा थर असला तर त्याची पकड कमी पडते. बाहेरच्या नटांना मध्यम ताकदीचा निळा पुरतो. लाल थ्रेडलॉक बाहेर वापरू नका, तो सोडवायला पुढे सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते आणि जवळ तेलाचे सील असते.

माळशेजवाट, तुमचे नट ढिले का झाले याचे उत्तरही यातच दडलेले आहे. याआधी कधी कॅरियर उघडला होता का? जोडात जाड गॅस्केट आणि त्यावर दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा जाड थर घातला की तो थर उष्णतेने आणि दाबाने हळूहळू बसतो, नट जागचा न हलताही बोल्टमधला ताण निघून जातो, मग आडवी सरक सुरू होते आणि त्यानंतर नट फिरू लागतो. नटाखालचा रंगाचा थरही असेच करतो. घाटातल्या भरलेल्या फेऱ्यांमध्ये ही क्रिया वेगाने होते, कारण चढताना आणि उतरताना कॅरियरवर उलटसुलट दिशेने पीळ पडतो.

माळशेजवाट

होय, मागच्या वर्षी सील बदलताना कॅरियर उघडला होता. आपण लिहिल्याप्रमाणे तपासणी केली, ती सविस्तर मांडतो.

खालचे दोन नट मूल्याच्या बरेच खाली होते. आणखी तीन नट रेघ मारून तपासल्यावर खुणेच्या पुढे गेले, म्हणजे हाताला घट्ट वाटूनही तेही ढिलेच होते. ढिल्या नटांपैकी एक सोडताना नटाबरोबर स्टडच हाउसिंगमधून बाहेर आला आणि त्याच्या मधल्या भागात आटे ताणले गेलेले नुसत्या डोळ्यांना दिसले. नवा नट त्यावर हाताने अर्ध्यापर्यंत जातो आणि अडतो. जोडातून सिलिकॉनची निळी पट्टी बोटभर बाहेर आलेली होती. पिनियनची फ्लँज आत-बाहेर किंवा वर-खाली अजिबात हलत नाही. ठोक्याचे कारण दुसरीखेप यांनी म्हटल्याप्रमाणेच निघाले: डाव्या बाजूचे यू बोल्ट ढिले होते आणि शाफ्टचा मागचा क्रॉस झिजलेला होता.

आता प्रश्न असा, की स्टड बदलून आणि नट आवळून काम भागेल, की कॅरियर काढून नवे गॅस्केट घालावे?

टर्नरफिटर

कॅरियर काढा. पाच नट ढिले पडलेले आहेत, जोडात जाड सिलिकॉन आहे आणि एक स्टड ताणलेला आहे. अशा स्थितीत वरून आवळले तर काही फेऱ्या गळती थांबेल, पण जोडाची बैठक तशीच राहील. दोन्ही बाजूंचे हाफ शाफ्ट बाहेर ओढल्याशिवाय कॅरियर निघत नाही. तुमच्या ॲक्सलमध्ये चाकाचा भार हबवर असेल तर शाफ्ट हबच्या तोंडाचे बोल्ट काढून चाके न काढताच निघतील. भार शाफ्टवर असेल तर चाक, ड्रम आणि बेअरिंगची प्लेट हे सगळे काढावे लागेल. कॅरियर जड असतो, एकट्याने उतरवू नका.

तेल काढण्यापूर्वी भरण्याचा प्लग आधी सुटतो की नाही हे पाहा. खालचे तेल काढून टाकले आणि वरचा प्लग अडकला तर गाडी तिथेच उभी राहील. चुंबकाच्या प्लगवर करड्या मलमासारखा गाळ असणे नेहमीचे आहे. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर गॅस्केटपुरते काम न करता आतले सगळे उघडावे लागेल. कॅरियर बाहेर आहे तोवर क्राऊनचे बोल्ट आणि कॅपचे बोल्ट तपासून घ्या. क्राऊनचे बोल्ट ढिले आढळले तर तेच पुन्हा वापरू नका, नवे घाला. काही ॲक्सलमध्ये या बोल्टचे आटे उलटे असतात, त्यामुळे सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी खात्री करा. कॅपच्या जागा परस्परांत बदलू नका आणि बेअरिंगच्या बाजूच्या चुड्या (आटे असलेली गोल कडी) फिरवू नका, कारण दातांमधली फट त्यांवर अवलंबून असते.

दोन्ही पृष्ठभाग खरवडून धातूपर्यंत स्वच्छ करा. मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तर एक कागदी गॅस्केट किंवा सिलिकॉनची एकच बारीक रेघ, दोन्ही एकत्र नको. सिलिकॉन वापरलात तर डब्यावर दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत तेल भरू नका. तेल जीएल-५ (गिअर तेलाचा एक दर्जा) दर्जाचे आणि मॅन्युअलने सांगितलेल्या जाडीचे, गाडी सपाट असताना भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत.

माळशेजवाट

काम पूर्ण झाले. प्लगवर फक्त करडा गाळ होता आणि क्राऊनचे सर्व बोल्ट मूल्यावर पाना वाजेपर्यंत हलले नाहीत. खालच्या बाजूचे सर्व स्टड नवे घातले, कागदी गॅस्केट बसवले, यू बोल्ट आणि क्रॉस बदलले. प्रत्येक नटावर पांढरी रेघ मारली आहे. घाटातून भरलेली गाडी आणल्यावर थंड अवस्थेत तपासले असता कॅरियरचा एकही नट खुणेवरून हललेला नव्हता. यू बोल्ट मात्र किंचित पुढे गेले.

दुसरीखेप

यू बोल्ट पहिल्यांदा पुढे जाणे अपेक्षित आहे, पाटे आपापल्या जागी बसतात. पुढच्या ग्रीसिंगला ते पुन्हा तपासा, गाडी चाकांवर उभी असतानाच. एक विचारायचे राहिले: स्टडच्या आट्यांतून तेल झिरपत नाही ना? आमच्या गाडीत नवा स्टड घातल्यावर तसे झाले होते.

टर्नरफिटर

काही हाउसिंगमध्ये स्टडची भोके आरपार आतपर्यंत गेलेली असतात, तिथे तसे होते. स्टड पुन्हा काढून आटे ब्रेक क्लीनरने धुवा, हाउसिंगकडच्या आट्यांना निळा थ्रेडलॉक लावून बसवा आणि रात्रभर तसाच ठेवून सकाळी नट चढवा. तेल तळाच्या भोकांच्या पातळीखाली गेल्याशिवाय आटे कोरडे राहणार नाहीत, तेव्हा आधी थोडे तेल काढून घ्यावे लागेल.